गळ्यातील भार : पाठदुखी असणाऱ्या वादकासाठी हलक्या बेस गिटारची निवड
(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात)

प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत धानाची रोवणी आटोपते न आटोपते तोच महाविद्यालयांना युवा महोत्सवाच्या तालमींचे वेध लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या विद्यार्थ्यांनी बांधीतील चिखलात दिवसभर वाकून रोवणा केला, त्यांपैकीच काही जण पुढे सभागृहात तासन् तास उभे राहून वाद्य वाजविताना दिसतात. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठापासून वेगळी होऊन एका छत्राखाली आली. महोत्सवात लोकनृत्य आणि लोकवाद्यवृंद यांच्याबरोबर पाश्चात्त्य समूहगीताचाही प्रकार असतो. त्यामुळे सांस्कृतिक विभागाच्या ज्या कपाटात पूर्वी हार्मोनियम, तबला आणि ढोलक एवढीच वाद्ये असत, तेथे आता कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार आणि क्वचित बेस गिटारही येऊन दाखल झाली आहे.

ही बेस गिटार महाविद्यालयात येते ती दरपत्रकांच्या मार्गाने. तीन विक्रेत्यांकडून दर मागविले जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, सर्वांत कमी दराचे वाद्य मंजूर होते आणि जडसंग्रह नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. या साऱ्या प्रवासात त्या वाद्याचे वजन कोणी विचारीत नाही. तक्त्यात तसा रकानाच नसतो. वास्तविक हे वाद्य पुढील दहा-पंधरा वर्षे दरवर्षी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डाव्या खांद्यावर लटकणार असते, आणि त्यांतील कित्येकांची कंबर शेतीकामाने आधीच दुखावलेली असते. प्रस्तुत लेखात बेस गिटारचे वजन पाठीवर नेमके कसे कार्य करते, हलके वाद्य म्हणजे काय आणि ते निवडताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याचे विवेचन केले आहे.

या प्रदेशातील पाठ

पाठदुखी हा शहरी, खुर्चीवर बसणाऱ्या वर्गाचा आजार आहे अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. गडचिरोलीचा अनुभव तिच्या विरुद्ध आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ग्रामीण प्रौढांमधील पाठ व कंबरदुखीचा गावपातळीवर अभ्यास केला. शोधग्राम येथील तिच्या रुग्णालयात मुंबईच्या मणकातज्ज्ञांच्या साहाय्याने मणक्याच्या शस्त्रक्रियाही होतात. यामागील कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी : वर्षाचे चक्र असे की माणसाने सतत कमरेतून वाकावे. त्यात डोक्यावरून सरपणाचे आणि पाण्याचे ओझे आहेच. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी या चक्राच्या बाहेरचा नसतो. सुट्टीत तोही घरच्या बांधीत उतरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाण्याचा अंदाज आहे. यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्याचे निश्चित शारीरिक कारण, म्हणजे सरकलेली चकती, अस्थिभंग, जंतुसंसर्ग यांसारखे काही, दाखविता येत नाही. स्नायू, अस्थिबंध, कामाची पद्धत, झोप आणि मनावरील ताण या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. अशा दुखण्यात वाद्याचे वजन कमी केल्यास आराम पडू शकतो.

उरलेल्या १० टक्क्यांत मात्र गिटार बदलून काहीही साधणार नाही, आणि या दोन जिल्ह्यांत त्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पायात बधिरता किंवा अशक्तपणा येणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, ताप येणे, वजन घटणे यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास विद्यार्थ्याला प्रथम डॉक्टरांकडे पाठविले पाहिजे. ताप आणि वजनातील घट यांमागे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. दुसरी बाब सिकलसेलची. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि अन्य काही समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला पाठीत, छातीत, हातापायांच्या हाडांत तीव्र वेदनांचे झटके येतात. थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता आणि अतिश्रम यांमुळे असे झटके उद्भवतात. तालमीनंतर पाठ धरून बसलेल्या विद्यार्थ्याला ‘गिटार जड आहे’ असे म्हणून वाटेस लावणे या प्रदेशात धोक्याचे ठरू शकते. सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी शासकीय आरोग्यसंस्थांत होते आणि १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे. लेखाचा विषय वाद्यनिवडीचा असला तरी हा मुद्दा वाद्याच्या आधी येतो.

वजन पाठीवर कसे येते

बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि तिची लांबी साध्या गिटारपेक्षा अधिक असते. भरीव लाकडाच्या प्रचलित बेस गिटारचे वजन साधारणतः साडेतीन ते पाच किलोंच्या दरम्यान असते. पाच किलो म्हणजे पिठाची एक लहान पिशवी. एवढ्याने पाठ दुखावी काय, असा प्रश्न धानाचे पोते उचलणाऱ्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तरफेच्या नियमात आहे.

वाद्य पाठीच्या कण्यावर थेट ठेवलेले नसते. ते पोटासमोर लटकते. कमरेच्या मणक्यापासून वाद्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे आडवे अंतर ढोबळमानाने १५ सेंटिमीटर धरू. शरीर पुढे झुकू नये म्हणून कण्यालगतचे उभे स्नायू मागून ओढून धरतात. पण त्यांचे मणक्यापासूनचे अंतर असते अवघे ५ सेंटिमीटरच्या आसपास. टेकूपासून भार तिप्पट दूर असल्यामुळे स्नायूंना वजनाच्या तिप्पट जोर लावावा लागतो. साडेचार किलोच्या वाद्यासाठी हा जोर साडेतेरा किलोंइतका होतो आणि वाद्याचे स्वतःचे साडेचार किलो धरून कमरेच्या चकतीवर सुमारे १८ किलोंचा जादा दाब पडतो. तेच वाद्य ३.२ किलोंचे असेल तर हा दाब १२.८ किलोंवर येतो. हातावर तोलून पाहताना दोन वाद्यांमधील सव्वा किलोचा फरक किरकोळ वाटतो, परंतु चकतीच्या हिशेबात तो पाच किलोंहून अधिक असतो. वादक किंचित मागे रेलून उभा राहतो तेव्हा हे गणित थोडे बदलते, तथापि त्याची दिशा बदलत नाही.

याच गणिताचा दुसरा अर्थ असा की, वाद्य शरीराच्या जितके जवळ तितका दाब कमी. पट्टा फार लांब सोडून वाद्य मांडीपर्यंत लटकविण्याची रीत रॉक संगीताच्या चित्रफितींतून आपल्याकडे आली. ती दिसावयास ऐटबाज असली तरी वादकाला पुढे झुकावयास आणि मनगट मुरडावयास लावते. नवशिका वादक तर पडदे पाहण्यासाठी मानही खाली घालतो. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते, म्हणजे जवळजवळ एका बेस गिटारइतके. मान झुकविलेला वादक अशा रीतीने दोन वाद्यांचा भार वाहत असतो.

तिसरी गोष्ट एकांगी भाराची. उजव्या हाताने वाजविणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून जातो. तो खांदा नकळत वर उचलला जातो, मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू ताठ होतो आणि शरीर एका बाजूस कलू नये म्हणून कमरेच्या विरुद्ध बाजूचे स्नायू आखडून राहतात. पट्टा अरुंद असल्यास खांद्यावरील मज्जातंतूंवर दाब येऊन हाताला मुंग्याही येतात. या साऱ्यावर काळाचा गुणाकार होतो. पोते उचलण्याचे काम काही क्षणांत संपते, वाद्य मात्र दोन-दोन तास उतरत नाही.

ढोल आणि बेस गिटार

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. भामरागड-एटापल्ली भागातील माडिया आणि अन्य गोंड गावांत रेला नृत्याच्या वेळी तरुण गळ्यात ढोल अडकवून रात्र रात्र नाचतात. ढोल बेस गिटारपेक्षा हलका असतोच असे नाही. मात्र त्याची मांडणी निराळी आहे. तो शरीरासमोर आडवा असतो, त्याची दोन्ही टोके डाव्या-उजव्या बाजूंना जवळपास सारखी विभागलेली असतात आणि मुख्य म्हणजे वादक एका जागी उभा नसतो. तो पावले टाकतो, गिरकी घेतो, गुडघ्यांत वाकतो. त्यामुळे एकच स्नायू सतत ताणलेला राहत नाही. मंचावरील बेसवादक याच्या अगदी उलट, बहुधा मागच्या रांगेत, ड्रमच्या शेजारी, खिळल्यासारखा उभा असतो. पाठीला वजनापेक्षाही स्थिरता अधिक सोसत नाही, हे या दोन वादकांना शेजारी उभे करून पाहिल्यास ध्यानात येते.

झाडीपट्टी रंगभूमीचा दाखला आणखी वेगळा आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने सुरू होणारे रात्रभराचे प्रयोग होळीपर्यंत चालतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यानंतर या रंगभूमीकडे उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. तिचे वादक मंचासमोर बसून वाजवितात. त्यांच्या गळ्यात भार नसला तरी ऑर्गन वा कीबोर्डपुढे पाठीला टेकू नसताना रात्रभर बसावे लागते. बसल्याने पाठीला विश्रांती मिळते हे गृहीतक तपासून घेण्यासारखे आहे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात कमरेच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा टेकूविना बसलेल्या स्थितीतील दाब उभ्या स्थितीपेक्षा जास्त आढळला. १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत हा फरक दिसला नाही. सरळ बसणे आणि उभे राहणे जवळपास सारखेच ठरले. दोन्ही मोजण्यांत वाकून बसणे मात्र वाईटच निघाले. म्हणून पाठदुखी असणाऱ्या बेसवादकाला ‘खाली बसून वाजव’ एवढे सांगणे पुरेसे नाही. अर्धवट उंच स्टूल, पाय टेकावयास आडवी पट्टी आणि दर गाण्यागणिक बसण्या-उभे राहण्याची अदलाबदल हा त्यातील व्यवहार्य मार्ग आहे.

हलके वाद्य म्हणजे काय

बेस गिटारचा जन्मच मुळी भार हलका करण्यासाठी झाला, हा या विषयातील एक गमतीचा भाग. तिच्यापूर्वी खर्जाची साथ डबल बेस या माणसाहून उंच वाद्यावर होत असे आणि ते घेऊन प्रवास करणे म्हणजे एक शिक्षाच होती. १९५१ मध्ये अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली. ती गळ्यात अडकविता येत होती, पडद्यांमुळे स्वर अचूक लागत होता. पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही हे वाद्य रुळले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बेस गिटार ऐकत दोन पिढ्या वाढल्या. फेंडर यांच्या वाद्याची तारेची लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच होती आणि आजही तेच माप प्रमाण मानले जाते.

वाद्याच्या वजनाचा सर्वांत मोठा वाटा त्याच्या बॉडीत असतो. या बॉडीचे घनफळ ढोबळमानाने साडेचार लिटर धरले तर लाकडाच्या घनतेवरून वजनाचा अंदाज करता येतो. अमेरिकी वाद्यांत वापरले जाणारे अल्डर हे लाकूड घनमीटरला सुमारे ४५० किलो भरते, म्हणजे बॉडी दोन किलोंची होते. बासवूड त्याहून हलके आणि पावलोनिया तर २८० च्या आसपास. आपल्या आलापल्लीच्या जंगलातील सागवान ६५० च्या घरात जाते; त्याची बॉडी २.९ किलोंची होईल. शिसम त्याहून जड, साडेतीन किलोंच्या आसपास. स्थानिक सुताराकडून सागवानाची गिटार करवून घेण्याची हौस काहींना असते. बल्लारशाहच्या डेपोतील सागाला दरवाजे-खिडक्यांसाठी तोड नाही, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये तो येथून गेला. परंतु दुखऱ्या खांद्यावर लटकवावयास हे लाकूड योग्य नव्हे. स्थानिक लाकूडच वापरावयाचे असेल तर शिवणीचा विचार करावा. ती वजनाला अल्डरच्या जवळपास आहे, वाळल्यावर फारशी वाकत वा तडकत नाही, आणि याच गुणांमुळे ढोलाच्या खोडासाठी ती पूर्वापार वापरली जाते.

बॉडी आतून पोकळ ठेवणे हा दुसरा उपाय. जर्मनीच्या हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ ही बेस १९५० च्या दशकाच्या मध्यात आली. पूर्ण पोकळ असल्यामुळे तिचे वजन अडीच किलोंच्या आसपास भरते. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे ती विकत घेतली आणि ‘बीटल्स’च्या संगीतातील तिचा स्वर साऱ्या जगाने ऐकला. हलक्या वाद्याला ‘दम’ नसतो असा जो आक्षेप वादकांकडून हमखास घेतला जातो, त्याला हे एक उत्तर पुरेसे आहे. विद्युत बेसमध्ये ध्वनी मुख्यतः तारांच्या कंपनातून पिकअपच्या चुंबकांमार्फत उचलला जातो. लाकडाचा त्यावर परिणाम होतो की नाही यावर वादक वर्षानुवर्षे वाद घालतात. पण सभागृहात बसलेल्या श्रोत्याला साडेचार किलोंची आणि साडेतीन किलोंची बेस वेगळी ओळखता येईल असे मानण्यास आधार नाही. तारा, पिकअप, अँप्लिफायर आणि वादकाची बोटे यांचा वाटा कितीतरी मोठा आहे.

तिसरा उपाय आखूड स्केलचा. ३० इंच स्केलच्या बेसमध्ये नेक आखूड होतो, बॉडीही बहुधा लहान असते आणि पहिल्या पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी डावा हात पूर्ण ताणावा लागत नाही. ताराही तुलनेने सैल असतात. ठेंगण्या बांध्याच्या विद्यार्थ्यांना आणि विशेषतः विद्यार्थिनींना या वाद्याचा लाभ वजनापलीकडेही होतो. ‘मुलींना बेस झेपत नाही’ हे जे वाक्य तालमींत ऐकू येते, ते बहुतेक वेळा ३४ इंची, जड वाद्यासंबंधी असते. खर्जातील सर्वांत खालच्या तारेचा स्वर यात थोडा मऊ येतो, एवढी उणीव मान्य केली पाहिजे.

तोलाचा प्रश्न

केवळ हलकी बॉडी शोधणाऱ्याची एका ठिकाणी फसगत होते. बेस गिटारच्या टोकाशी चार मोठ्या धातूच्या खुंट्या असतात. बॉडी हलकी केली आणि खुंट्या तशाच जड ठेवल्या की वाद्याचा गुरुत्वमध्य नेककडे सरकतो. अशी गिटार पट्ट्याला अडकवून हात सोडले की तिचा माथा जमिनीकडे झुकतो. वादक मग डाव्या हाताने नेक तोलून धरतो किंवा उजव्या कोपराने बॉडी दाबून ठेवतो. स्वर दाबावयाचा हात भारही वाहू लागतो, खांदा आवळला जातो आणि कमरेत सतत पीळ राहतो. तीन किलोंची पण माथा झुकणारी बेस चार किलोंच्या समतोल बेसपेक्षा पाठीला अधिक त्रासदायक ठरू शकते. निवडीची वेळ आली तर चार किलोंची समतोल बेस पत्करावी.

तोलाची परीक्षा सोपी आहे. गिटार गळ्यात घालून सरळ उभे राहावे, नेक आडव्यापेक्षा किंचित वर ठेवावा आणि दोन्ही हात सोडावेत. नेक तेथेच राहिला तर वाद्य समतोल. खाली आला तर पट्ट्याची खुंटी बॉडीच्या शिंगावर किती पुढे आहे हे पाहावे. ती बाराव्या पडद्याच्या समोर येईल इतकी पुढे असेल तर तोल बहुधा साधतो. मूळ खुंट्या काढून अॅल्युमिनियमच्या हलक्या खुंट्या बसविणे हाही एक इलाज आहे. अमेरिकेत नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास माथाच काढून टाकला आणि तारा पिळण्याची सोय बॉडीच्या टोकाला नेली. त्या धर्तीच्या बिनमाथ्याच्या बेस आता अनेक कंपन्या तयार करतात. पाठदुखी असणाऱ्या वादकासाठी ती रचना विचारात घेण्याजोगी आहे, फक्त दुरुस्तीचे सुटे भाग चंद्रपुरात सहजी मिळतील अशी अपेक्षा धरू नये.

पट्ट्यावर खर्च करण्यास महाविद्यालये कचरतात, परंतु पैशाच्या मानाने सर्वाधिक आराम त्यातूनच मिळतो. वाद्याबरोबर येणारा दोन इंची नायलॉनचा पट्टा बाजूला ठेवून साडेतीन-चार इंच रुंदीचा, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्यावा. रुंदीमुळे भार पसरतो, खरखरीत पृष्ठभागामुळे वाद्य घसरत नाही. दोन्ही खांद्यांवर भार वाटून देणारे पट्टेही मिळतात. बसून वाजविताना वाद्य छाती-पोटाशी ज्या उंचीवर येते, त्याच उंचीवर ते उभ्यानेही राहील इतकाच पट्टा लांब ठेवावा. कमरेला बांधावयाच्या पट्ट्याची गोष्ट निराळी आहे. औषधाच्या दुकानातून तो सर्रास विकला जातो, पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी असे पट्टे नित्य वापरू नयेत असे सुचविले आहे. व्यायाम आणि हालचाल यांवर त्यात भर आहे.

गिटार गळ्यात येण्यापूर्वीचे ओझे

तालमीनंतर कंबर धरली असे विद्यार्थी सांगतो, तेव्हा दोष गिटारच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कंबर धरते ती अँप्लिफायर उचलताना. जुन्या पद्धतीचा बेस अँप्लिफायर वीस-पंचवीस किलोंचा असतो, त्याला एकच मूठ असते आणि सभागृहाच्या पायऱ्यांवरून तो एका हाताने, शरीर वाकडे करून चढविला जातो. गिटारमधील एक किलो वाचविण्यासाठी हजारो रुपये मोजावयाचे आणि हे ओझे मात्र एकट्या विद्यार्थ्यावर टाकावयाचे, यात विसंगती आहे. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर आणि क्लास-डी प्रकारचे परिपथ यांमुळे अलीकडचे अँप्लिफायर याच्या निम्म्याहून कमी वजनात मिळतात. नवा घेणे शक्य नसेल तर चाकांची ढकलगाडी आणि दोघांनी मिळून उचलण्याचा नियम, एवढ्याने काम भागते. गिटार नेण्यासाठी एका खांद्यावरच्या पिशवीऐवजी दोन्ही खांद्यांची पिशवी असावी. आरमोरीहून गडचिरोलीला बसने उभ्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

ज्याची पाठ हलक्या वाद्यानेही शांत होत नाही, त्याने संगीत सोडावे असे मात्र नाही. कीबोर्डच्या डाव्या हाताने खर्जाची साथ करता येते आणि लहान वाद्यवृंदांत ती सर्रास केली जाते. ही तडजोड आहे हे खरे. तारेवरील बोटाचा झटका तिच्यात येत नाही. पण महोत्सव आठवड्यावर आलेला असताना आणि विद्यार्थ्याला उभे राहणे जड जात असताना ती हाताशी असावी.

खरेदीच्या टेबलावर

प्रश्न शेवटी पुन्हा दरपत्रकाशी येतो. ‘बेस गिटार, चार तारांची, एक नग’ एवढीच मागणी नोंदविली की विक्रेता सर्वांत स्वस्त वाद्य पाठवितो, आणि स्वस्त वाद्यात बहुधा न निवडलेले जड लाकूड अन् जड खुंट्या असतात. कमी दराचा नियम मोडण्याची येथे गरज नाही. मागणीचे वर्णन नेमके केले की पुरते. वजन ३.६ किलोंपेक्षा अधिक नसावे, स्केल ३० किंवा ३४ इंच यांपैकी कोणते ते स्पष्ट असावे, हात सोडल्यावर नेक झुकू नये, आणि चार इंची पट्टा सोबत असावा, या चार अटी घातल्यास त्या पूर्ण करणाऱ्यांतच दराची तुलना होते. संकेतस्थळावर जे वजन दिलेले असते ते पुष्कळदा खोक्यासह असते, म्हणून त्यावर विसंबू नये. एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याच्या दोन गिटारींतही लाकडाच्या फरकाने अर्धा-पाऊण किलोचे अंतर पडते.

यासाठी वाद्य स्वीकारण्यापूर्वी ते तोलून पाहावे. विशेष साधन लागत नाही. भौतिकशास्त्र विभागातील ताणकाटा, किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा किंवा व्यायामशाळेतील वजनयंत्र यांपैकी काहीही चालते. यंत्रावर एकदा नुसते आणि एकदा गिटार घेऊन उभे राहिले की वजाबाकीने वजन कळते. त्यानंतर जो विद्यार्थी ती वाजविणार आहे, त्याने किंवा तिने ती गळ्यात घालून निदान वीस मिनिटे उभे राहावे. दुकानातील दोन मिनिटांत कोणतीही गिटार हलकीच वाटते. आलेला आकडा जडसंग्रह नोंदवहीत किमतीच्या शेजारी लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी पाठीचा त्रास असलेला एखादा विद्यार्थी कपाटासमोर उभा राहिला तर दोन गिटारींपैकी कोणती त्याच्या हाती द्यावी हे पाहता येईल.